कागद सांभाळण्याचा खर्च कोणी भरला?

आपल्या चळवळीचा इतिहास लिहिला गेला नाही, अशी तक्रार आपण गेली कित्येक वर्षे करीत आलो आहोत. तक्रार खरी आहे. प्रस्थापित इतिहासकारांनी आपल्याकडे पाठ फिरवली हेही खरे आहे. पण या तक्रारीला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याविषयी आपल्या सभा-संमेलनांतून फारसे बोलले जात नाही. इतिहास लिहायला साधने लागतात. साधने म्हणजे बहुतांशी कागद. आणि कागद टिकायला जागा लागते, कपाट लागते, झाडणारा-पुसणारा माणूस लागतो. म्हणजे पैसा लागतो. हा पैसा कोणाजवळ होता, तो त्याने कशासाठी खर्च केला, आणि ज्यांच्याजवळ नव्हता त्यांच्या कागदांचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय 'आपला इतिहास का नाही' या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.

मी एका जिल्ह्याच्या अभिलेखकक्षात आयुष्याची बरीच वर्षे कारकुनी केली. त्याच काळात संध्याकाळचा वेळ चळवळीच्या कामात गेला. दिवसा सरकारचे कागद रुमालात बांधून फेरिस्तीवर चढवायचे आणि रात्री आपल्या संस्थेचे कागद पत्र्याच्या ट्रंकेत कोंबायचे, असे हे दुहेरी जगणे होते. त्यामुळे हा विषय मी भावनेने न मांडता हिशेबाने मांडणार आहे.

राज्यकर्त्यांनी कागद सांभाळले ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. मुंबई सरकारचे रेकॉर्ड ऑफिस १८२१ मध्ये सुरू झाले. पेशवाई बुडून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. नव्या राज्यकर्त्याला सारा वसूल करायचा होता आणि त्यासाठी जुना वसूल किती, कोणती जमीन इनाम, कोणती सरकारी, हे माहीत हवे होते. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनची चौकशी बसली. ज्याच्याजवळ सनद आणि दफ्तरात पुरावा, त्याचे इनाम राहिले. ज्याला पुरावा देता आला नाही त्याचे गेले. पेशवे दफ्तरातील एकेका रुमालाची किंमत सरकारला रुपये-आण्यांत कळत होती. म्हणून १८९१ मध्ये पुण्यात त्या दफ्तरासाठी दगडी इमारत उभी राहिली. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले ते त्यानंतर चार दशकांनी, १९३० ते १९३४ या काळात. म्हणजे आधी महसुलाने कागदांचे भाडे भरले आणि मग त्या आयत्या सांभाळलेल्या कागदांवर इतिहासकार आले. महाराष्ट्राचा जो इतिहास आपल्याला शाळेत शिकवला जातो, त्याचा पाया या खर्चावर उभा आहे.

आता याच व्यवस्थेत आमचा माणूस कोठे होता ते पाहा. सरकारी टपाल गावोगाव नेणारा, वसुलीचा भरणा तालुक्याला पोचवताना सोबतीला जाणारा, पाटलाच्या चावडीवर शेतकऱ्यांना बोलावून आणणारा महार हा कागदाच्या या सगळ्या व्यवहाराचा पाय होता. पण कागदावर त्याचे नाव आले ते वतनाच्या नोंदीपुरते. १८७४ च्या वतन कायद्याने त्याची बांधिलकी पक्की केली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मुंबई कौन्सिलात मांडले, आणि अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने संपली. त्या वतनी जमिनींचे दावे पुढेही दशकानुदशके चालत राहिले. अशा दाव्यात आमच्या माणसाला सरकारच्या अभिलेखकक्षाच्या दारात उभे राहून नकलेचा अर्ज करावा लागतो, कारण त्याच्या हक्काचा कागद त्याच्या घरात नाही, सरकारच्या रुमालात आहे. ज्याने वाहून नेले त्याच्याजवळ काही उरले नाही.

कागदाची ताकद आपल्या नेत्यांना माहीत नव्हती असे मात्र नाही. महाडचे उदाहरण घ्या. १९२३ मध्ये रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले ते या लेखी ठरावाने मान्य केलेला हक्क बजावण्यासाठी. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला, डिसेंबरात दावा दाखल झाला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला. अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादि काळापासून चालत आली आहे, हे प्रतिपक्षाला सिद्ध करता आले नाही. दहा वर्षांची ही लढाई रस्त्यावर झाली तशीच कागदावरही झाली. इतिवृत्ताच्या वहीतले एक पान, ते जपून ठेवणारा कारकून आणि त्याची नक्कल मिळवणारा वकील, असे सारे तिच्यात सामील होते.

बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी 'राजगृह' बांधले हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांच्या स्वतःच्या कागदांच्या वाट्याला काय आले? ६ डिसेंबर १९५६ नंतर दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवरील बंगल्यात त्यांची हस्तलिखिते आणि पत्रव्यवहार पडून होता. वारसा आणि ताबा यांचा वाद कोर्टात गेला. १९६७ च्या जानेवारीत घर खाली करवून घेताना कागद बाहेर अंगणात टाकले गेले आणि पावसात भिजले, ही हकिगत नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवली आहे. उरलेले कागद सरकारी अभिरक्षकांच्या ताब्यात पेट्यांत बंद राहिले. महाराष्ट्र शासनाच्या वतीने वसंत मून यांनी हस्तलिखितांच्या पेट्या ताब्यात घेतल्या तेव्हा १९८१ साल उजाडले होते. पंचवीस वर्षे! त्या पेट्या ठेवायला एका खोलीचा एक कोपरा पुरला असता. या देशाची घटना लिहिणाऱ्या समितीच्या अध्यक्षाच्या कागदांना तेवढा कोपरा पंचवीस वर्षे हक्काने मिळाला नाही. मग तालुक्याच्या कार्यकर्त्याच्या वह्यांचे काय झाले असेल हे वेगळे सांगायला नको.

आता हिशेबाकडे वळतो. एका जुन्या बोर्डिंगचे कागद लावून देण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. संस्थेच्या कमिटीत प्रश्न निघाला होता की ती खोली भाड्याने दिली तर चार पैसे येतील, तेव्हा हे जुने कागद ठेवायचे कशाला? विचारणारा माणूस चळवळीचा शत्रू नव्हता; संस्थेचे वीजबिल कसे भरायचे या काळजीत होता. त्याला 'इतिहास' या शब्दाने उत्तर देऊन चालणार नव्हते. मी त्याला आकड्यांनी उत्तर दिले. ते आकडे येथे देतो. दर मी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून पुन्हा गुणाकार करावा. रीत महत्त्वाची आहे.

लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल असते. त्यात पाच खण. प्रत्येक खणात तीन फूट लांबीची, म्हणजे एकूण पंधरा फूट, फायलींची रांग बसते. एक फाइल सरासरी दोन सेंटिमीटर जाड धरली तर एका कपाटात सुमारे २२५ फायली मावतात. कपाट स्वतः जमीन व्यापते साडेचार चौरस फूट. पण दार उघडायला, पुढे उभे राहायला, खाली बसून फाइल काढायला जागा लागते. ती धरून एका कपाटामागे १५ चौरस फूट पकडावेत. भाडे चौरस फुटाला महिन्याला ३० रुपये धरले, तर महिन्याचे ४५० आणि वर्षाचे ५,४०० रुपये झाले. दहा वर्षांचे ५४,०००.

हे झाले केवळ जागेचे. कपाटाची किंमत १५,००० धरू. फायली उघडणे, गंजलेल्या टाचण्या काढणे, धूळ झटकणे, पाने क्रमाने लावणे आणि फेरिस्त लिहिणे, हे काम नीट केले तर एका माणसाच्या हातून दिवसाला दहा फायली होतात. मजुरी ७०० रुपये धरली तर २२५ फायलींना साडेबावीस दिवस, म्हणजे १५,७५० रुपये. नवी पुठ्ठ्याची आवरणे, नाडी, कापड, लेबले यांचे फायलीमागे ४० रुपये, म्हणजे ९,०००. आणि वर्षातून चार दिवस कपाट रिकामे करून वाळवी, कसर व ओल पाहायला माणूस लावला तर वर्षाला २,८००, दहा वर्षांत २८,०००. सगळी बेरीज १,२१,७५० रुपये. वर्षाला १२,१७५. महिन्याला हजारावर पंधरा रुपये. संस्थेचे शंभर सभासद असतील तर माणशी महिन्याला दहा रुपये आणि वर काही पैसे.

विकण्याचा हिशेबही करू, कारण कमिटीत तो नेहमी निघतो. एका कपाटातल्या कागदांचे वजन भरते सुमारे १६० किलो. रद्दीचा भाव किलोला १५ रुपये धरला तर हाती येतात २,४०० रुपये. त्या कपाटाच्या जागेचे साडेपाच महिन्यांचे भाडेही त्यातून सुटत नाही. पन्नास वर्षांच्या चळवळीची ही किंमत. रद्दीवाल्याला दोष देऊ नये. आपले कागद तराजूत घालून त्यांचा भाव सांगणारा निदान तो एक माणूस आहे. आपण तेवढेही केलेले नाही.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, फेरिस्तीवर एकदा होणारा खर्च हा सुमारे तीन वर्षांच्या भाड्याइतका आहे, आणि तोच आपण टाळतो. फेरिस्त नसलेल्या कपाटाचे भाडे भरत राहायचे आणि हवा तो कागद सापडायचा नाही, यापेक्षा महाग सांभाळणी दुसरी नाही. दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची आहे. आपल्या बहुतेक संस्थांना कार्यालयच नव्हते. मग हे पंधरा चौरस फूट कोणी दिले?

मुंबईच्या बी.डी.डी. चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील या चाळींनी आंबेडकरी चळवळीचे कार्यकर्ते पिढ्यान्‌पिढ्या पोसले. अशा खोलीत आठ-दहा माणसे, चूल, मोरी आणि शाखेचे कागद. एका कपाटाला त्या घराचा जवळजवळ दहावा भाग द्यावा लागला असता. तो देणे शक्यच नव्हते. म्हणून आमच्या चळवळीचे दफ्तर ट्रंकेत राहिले आणि ट्रंक खाटेखाली गेली, कारण खाटेखालच्या जागेला वेगळे भाडे नव्हते. पण ट्रंकेत कागद दुमडून ठेवावे लागतात; तळाचा कागद काढायचा तर वरचे सगळे उपसावे लागतात; पावसाळ्यात ओल पहिली येते ती जमिनीलगत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पावसात सखल भागातल्या घरांत पाणी शिरले तेव्हा खाटेखाली जे होते ते आधी गेले.

शिवाय त्या ट्रंकेची राखण नवऱ्याने नव्हे, घरातल्या बाईने केली. तो सभेला गेला, तुरुंगात गेला. ट्रंक उन्हात टाकणे, कडुनिंबाचा पाला घालणे, घर बदलताना ती डोक्यावर घेणे हे तिच्याकडे आले. तिच्या या कामाचा मोबदला कोणत्याही संस्थेच्या ताळेबंदात नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना 'आम्हीही इतिहास घडवला' हा १९८९ चा ग्रंथ सिद्ध करताना बायकांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्या तोंडून इतिहास मिळवावा लागला, तो उगाच नव्हे. जिने कागद राखले तिचेच नाव कागदावर नव्हते.

कागदाच्या जातीतही विषमता आहे, हे ऐकून काहींना नवल वाटेल. पेशवाईचा कागद हातबनावटीचा, जुन्नरचा किंवा दौलताबादचा, चिंध्यांच्या लगद्याचा. तो दोनशे-अडीचशे वर्षे होऊनही लवतो. आपली वृत्तपत्रे निघाली लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर. त्या कागदातच आम्ल असते. तो पिवळा पडतो आणि पुढे घडीवर तुटतो. 'मूकनायक' १९२० चा, 'बहिष्कृत भारत' १९२७ चा, 'जनता' १९३० चा. वयाने हे कागद पेशवे दफ्तरापेक्षा कितीतरी तरुण, आणि मरणाच्या कितीतरी जवळ. गरिबाला कागदही अल्पायुषी मिळाला. म्हणून आपल्या साधनांना सांभाळणी कमी नव्हे, अधिक लागते.

तेव्हा काय ठेवायचे आणि काय टाकायचे? सरकारी कचेरीत याचे उत्तर ठरलेले आहे. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क' दहा वर्षांचा, 'क-१' पाच वर्षांचा आणि 'ड' एक वर्षाचा. टेबलावरच्या सहा गठ्ठ्यांपैकी एक गठ्ठा तर नाश करायच्या कागदांचाच असतो. ही पद्धत चांगली आहे. ती नसती तर कचेऱ्यांना छप्पर पुरले नसते. आपल्या संस्थांनीही वर्गवारी करावी, कारण रिकामे झालेले प्रत्येक कपाट वर्षाला बारा हजार रुपये वाचवते. पण सरकारची वर्गवारी जशीच्या तशी उचलू नये. सरकारी कारकुनाच्या दृष्टीने पावतीपुस्तकाची स्थळप्रत म्हणजे हिशेबतपासणी होईपर्यंतचा कागद. आपल्या दृष्टीने तो 'अ' वर्ग आहे.

त्या बोर्डिंगच्या कागदांत मला धान्य जमेची एक वही मिळाली. कोणत्या गावाहून किती पायली ज्वारी आली, कोणी आणून दिली, अशा नोंदी. काही ठिकाणी बायकांची नावे, अंगठ्यासह. या माणसांवर कोणी चरित्र लिहिले नाही, त्यांचा फोटो नाही, त्यांनी भाषण केले नाही. त्यांच्या मुलांना शिकता यावे म्हणून पोटातली पायली काढून दिली, एवढाच त्यांचा इतिहासातला प्रवेश, आणि तो त्या एका वहीत आहे. पुढाऱ्यांची भाषणे वर्तमानपत्रांत सापडतील, सरकारच्या गुप्त पोलिसांच्या अहवालांतही सापडतील. पायली देणारीचे नाव दुसरीकडे कोठेही सापडणार नाही. वही जाड होती, दोन फायलींची जागा खाणारी. वरच्या दराने तिचा वर्षाचा खर्च शंभरावर आठ रुपये येतो. हा आकडा मी कमिटीपुढे ठेवला आणि विचारले, या वहीतल्या माणसांना वर्षाला एकशे आठ रुपये देणे आपल्याला जड आहे काय? खोली राहिली. दोन कपाटांतले छापील परिपत्रकांचे गठ्ठे, चहापाण्याची व्हाउचरे आणि एकाच पत्रकाच्या शेकडो प्रती मात्र आम्ही एकमताने काढल्या. प्रत्येकाचा एकेक नमुना ठेवला.

आज तरुण मित्र म्हणतात की सगळे स्कॅन करून टाका, जागेचा प्रश्नच उरत नाही. त्यांचाही हिशेब पाहू. २२५ फायलींत प्रत्येकी १२० पाने धरली तर २७,००० पाने. पानाला दोन रुपये धरले तर ५४,००० रुपये. नेमके त्याच कपाटाचे दहा वर्षांचे भाडे. त्यानंतरही हार्ड डिस्क दर काही वर्षांनी बदलावी लागते, दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवावी लागते आणि कोणत्या पानावर काय आहे हे लिहिणारा माणूस लागतोच. फेरिस्त संगणकातही टळत नाही. तुटका कागद यंत्रात घालता येत नाही. स्कॅन जरूर करावे, पण आधी फेरिस्त, मग निवड, मग स्कॅन; आणि मूळ कागद फेकू नये, कारण कोर्टात आणि इतिहासात मुळालाच किंमत आहे.

हा प्रश्न आज तातडीचा का झाला आहे तेही सांगतो. बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास चालू आहे. वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. १६० चौरस फुटांतून लोक ५०० चौरस फुटांत जात आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांनी ती शंभर वर्षे वाट पाहून मिळवली आहे. पण घर बदलताना माणूस जुने सामान टाकतो. ज्या दिवशी खाट निघते त्या दिवशी तिच्याखालची ट्रंक उजेडात येते, आणि ती उघडणाऱ्या नातवाला आजोबांच्या शाखेच्या वहीचा अर्थ सांगणारा कोणी जवळ नसतो. खेड्यापाड्यांतही मातीची घरे पडून पक्की होत आहेत. तेथेही हेच चालले आहे.

म्हणून माझी कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना सूचना साधी आहे. प्रत्येक संस्थेने आपल्या अंदाजपत्रकात 'दफ्तर' या नावाचे एक खाते उघडावे आणि त्यात सभासदामागे महिन्याला दहा रुपये टाकावेत. प्रत्येक महाविद्यालयातील शिक्षकाने आपल्या चार विद्यार्थ्यांना सुट्टीत एका ट्रंकेची फेरिस्त लिहायला लावावी. साडेबावीस दिवसांचे काम चौघांनी केले तर आठवडाही लागत नाही. आणि ज्या घराने आजवर ट्रंक राखली त्या घराला, विशेषतः त्या घरातल्या बाईला, विचारल्याशिवाय ती उचलून नेऊ नये. फेरिस्तीच्या पहिल्या पानावर तिचे नाव लिहावे.

सरकारने आमचा इतिहास सांभाळला नाही, हे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि सरकारकडे ती मागणीही केलीच पाहिजे. पण सरकारने कधीही त्याच्या उपयोगाचे तेवढेच कागद सांभाळले. आपल्या उपयोगाचे कागद आपल्यालाच सांभाळावे लागतील. त्यांचा खर्च आजवर खाटेखालच्या अंधाराने आणि बायकांच्या श्रमाने भरला. यापुढे तो संस्थेच्या वहीत, खर्चाच्या बाजूला, शाईने लिहिला गेला पाहिजे.